अधिक-उणे

एखादी गोष्ट दिसली की माणसाला आनंद होतो. खग्रास ग्रहणात हिऱ्याची अंगठी दिसली की लोक शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारतात. शनीची कडी पहिल्यांदा दिसली की शाळेतलं पोर दुर्बिणीपुढची जागा सोडायला तयार होत नाही. आकाशाचा नाद लागलेल्यांत एकच जमात अशी आहे, की जे समोर चांगलं स्वच्छ दिसत होतं ते दिसेनासं झालं म्हणजे तिचा चेहरा उजळतो. ताऱ्यांचे व्यास मोजणारे ते हे लोक.

यातला एक नमुना आमच्या नात्यात आहे. मूळ गाव डोंबिवली, नोकरी परदेशातल्या एका डोंगरावरच्या वेधशाळेत. कुणाचं लग्न निघालं की येतो. नातेवाइकांच्या समजुतीप्रमाणे तो ‘नासात’ असतो. आपण नासात नाही, हे त्यानं सुरुवातीला सांगून पाहिलं; हल्ली सांगत नाही. मागच्या एका पंगतीत मामीनं त्याला गाठलं.

“रात्रभर दुर्बिणीतून काय बघतोस रे?”

“बघत नाही, मामी. प्रकाश नळ्यांतून एका खोलीत येतो, तिथल्या मशीनवर पडतो. आम्ही स्क्रीनवर आलेख बघतो.”

“मग एवढ्या थंडीत डोंगरावर कशाला चढायचं?”

“हल्ली चढतही नाही. खाली ऑफिसातून चालवतो. इंटरनेट असलं की कुठूनही चालवता येतं.”

“कुठूनही म्हणजे डोंबिवलीहूनसुद्धा?”

यावर त्यानं जिलबीत लक्ष घातलं.

या माणसाचं काम कळायचं तर आधी त्याची अडचण कळायला हवी. चंद्र दुर्बिणीत मोठा होतो, गुरू मोठा होतो. तारा होत नाही. केवढीही दुर्बीण लावा, जवळजवळ सगळ्या ताऱ्यांच्या बाबतीत ठिपक्याचा ठिपकाच. आणि जो थरथरता गोळा दिसतो त्याची रुंदी ताऱ्याची नसते, आपल्या हवेची आणि आरशाच्या मापाची असते. मृगातला तांबडा तारा, काक्षी, हा दिसण्यात सर्वांत रुंद ताऱ्यांपैकी एक. त्याची रुंदी 1920 मध्ये भरली 0.047 विकला, आणि एका अंशात विकला असतात 3600. मुंबईत गेटवे ऑफ इंडियापाशी कोणी दहा रुपयांचं नाणं धरून उभं राहिलं आणि तुम्ही पुण्यात पर्वतीवरून ते पाहिलंत, तर ते जेवढं दिसेल तेवढी. मध्ये खंडाळ्याचा घाट नाही असं धरायचं. ही शेवटची अट आमच्या नमुन्याची. तो अट घातल्याशिवाय बोलत नाही.

यावर युक्ती अशी, की एका मोठ्या आरशाऐवजी दोन छोटे आरसे एकमेकांपासून लांब ठेवायचे आणि दोन्हींनी पकडलेला एकाच ताऱ्याचा प्रकाश एका जागी आणून भिडवायचा. दोन्ही वाटा नेमक्या सारख्या लांबीच्या असल्या, तर लाटेवर लाट बसते आणि ताऱ्याच्या ठिपक्यावर उजळ-काळे पट्टे उमटतात. पुस्तकांत याला व्यतिकरण म्हणतात. ही मंडळी पट्ट्यांना नुसतं ‘फ्रिंज’ म्हणतात आणि ‘फ्रिंज मिळाल्या’ हे मध्यरात्री फोन करून सांगण्यासारखं वाक्य समजतात. मिळाल्यावर मात्र त्या घालवायच्या मागे लागतात. आरसे एकमेकांपासून दूर दूर न्यायचे. ताऱ्याच्या एका कडेचा प्रकाश आपले पट्टे पाडतो, दुसऱ्या कडेचा आपले. अंतर वाढेल तसे ते एकमेकांवरून सरकतात. एका ठरावीक अंतराला याच्या उजेडावर त्याचा अंधार बसतो आणि सगळं सपाट होतं. तेवढं अंतर मोजलं की साध्या भागाकारानं ताऱ्याचा व्यास निघतो.

घराणं जुनं आहे. मूळ पुरुष फ्रान्सचा फिझो. जमिनीवरच्या जमिनीवर प्रकाशाचा वेग मोजणारा तो पहिला माणूस, म्हणजे अधिकार मोठा. 1868 मध्ये त्यानं ही पट्ट्यांची युक्ती सुचवली. सुचवली आणि थांबला. घाम गाळायला दुसरा माणूस लागला, तो मार्सेच्या वेधशाळेतला स्टीफाँ. त्यानं 80 सेंटिमीटरच्या दुर्बिणीच्या तोंडावर झाकण बसवलं, झाकणात 65 सेंटिमीटर अंतरावर दोन फटी ठेवल्या आणि 1873-74 मध्ये एकामागून एक तेजस्वी तारे धुंडाळले. पट्टे दिसले. प्रत्येक ताऱ्याला दिसले. एकाचेही पुसले गेले नाहीत. पट्टे जावेत म्हणून देव पाण्यात घालून बसलेल्या माणसाला जिथे बघावं तिथे ठसठशीत पट्टेच भेटावेत, याहून मोठा छळ नाही. शेवटी स्टीफाँनं जाहीर केलं, की सगळे तारे 0.158 विकलांपेक्षा लहान आहेत.

बोलण्याची ही ढब घराण्यात तेव्हापासून चालत आलेली आहे. तुम्ही विचारायचं ‘केवढा?’ आणि यानं सांगायचं ‘याच्यापेक्षा लहान’. आमच्या नमुन्याला, विमानतळावरून घरी किती वाजता पोचशील, असं विचारलं तर उत्तर येतं, “आठच्या आत नाही.” तो अकराला पोचतो. त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही.

पुढचा कर्ता पुरुष मायकेलसन. हा तर या कामासाठीच जन्मला होता, कारण न सापडण्याबद्दल त्याची आधीच ख्याती झाली होती: 1887 मध्ये मोर्लीला बरोबर घेऊन तो ईथरचा वारा शोधायला गेला आणि वारा सापडला नाही. 1891 मध्ये लिक वेधशाळेत त्यानं पट्ट्यांच्या युक्तीनं गुरूच्या चार चंद्रांचे व्यास मोजले. ताऱ्यांची पाळी यायला आणखी 29 वर्षं गेली. या लोकांना घाई नसते.

1920 च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती, 100 इंची आरशाची. तिच्या तोंडावर यांनी 20 फुटी पोलादी तुळई आडवी टाकली आणि तुळईवर चार छोटे आरसे बसवले. बाहेरचे दोन सरकवायचे, आतले दोन प्रकाश खाली ढकलायला. इतरांनी जिच्यातून आकाशगंगांकडे पाहिलं त्या दुर्बिणीचं त्या रात्री मुख्य काम म्हणजे तुळई पेलणं. 13 डिसेंबरला मायकेलसनचे सहकारी पीझ आणि अँडरसन काक्षीवर होते. आरसे 121 इंचांवर, म्हणजे दहा फुटांवर गेले आणि पट्टे गेले. मायकेलसन डोंगरावर नव्हता.

इथे कुठल्याही धडधाकट माणसानं आरोळी ठोकली असती. या जमातीतला माणूस ठोकत नाही. पट्टे न दिसण्याची कारणं त्याला पाठ असतात: आरसा हलला असेल, हवा बिघडली असेल, डोळा थकला असेल, किंवा तारा खरोखर तेवढा असेल. शेवटचं कारण त्याला मनापासून हवं असतं, म्हणून त्याच्यावर तो सर्वांत कमी विश्वास ठेवतो. त्या रात्री त्यांनी आरसे होते तिथेच ठेवले आणि दुर्बीण प्रश्वासारख्या दुसऱ्या ताऱ्यांकडे वळवली. तिथे पट्टे लख्ख. काक्षीला नाहीत. मग मान्य केलं.

महिनाअखेरीस बातमी शिकागोच्या सभेत फुटली आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आली: व्यास कोट्यवधी मैल, सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात. वाचणाऱ्यांनी कोटी वाचले. मोजणाऱ्यांनी आपल्या निबंधात दुसरं लिहिलं, की चूक सुमारे दहा टक्क्यांची असू शकते. मैलांचा आकडा पुढे टिकला नाही, कारण काक्षीचं अंतर तेव्हा फार कमी धरलेलं होतं. विकलांचा आकडा आजच्या मापांच्या अगदी शेजारी आहे.

यानंतर या जमातीला तिचं व्यसन जडलं. व्यसन लांबीचं. वीस फुटांत स्वाती, रोहिणी, ज्येष्ठा असे तांबडे राक्षसी तारे सहा-सात आटोपले. व्याध आणि अभिजित आकाशात डोळे दिपवतात, पण ते दिसायला इतके चिमुकले की त्यांचे पट्टे वीस फुटांना दाद देईनात. पीझनं पन्नास फुटी सांगाडा उभा केला. तेवढ्या लांबीचं लोखंड स्वतःच्या वजनानं वाकतं, आणि दोन वाटांतला फरक तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास सांभाळायचा. सांगाड्याकडून म्हणावं तसं काही निघालं नाही. पीझ 1938 मध्ये वारला. त्याला आणखी थोडी लांबी हवी होती. यांच्यातल्या प्रत्येकालाच ती हवी असते.

या बारीक सांभाळण्याचा स्वभावावर परिणाम होतो. आमचा नमुना दार आपटत नाही. खुर्ची ओढत नाही, उचलून ठेवतो. जिन्यावरून उतरताना आवाज येत नाही. शेजारच्या गल्लीतून ट्रक गेला की बोलता बोलता थांबतो, जाऊ देतो, मग वाक्य पुरं करतो. मामी याला संस्कार म्हणते आणि इतर भाच्यांना त्याचा दाखला देते.

घराण्यात एक बंडखोर शाखाही निघाली, आणि तिचे दोन्ही संस्थापक जन्मले आपल्याकडे. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन 1916 मध्ये निलगिरीतल्या अरवंकाडूला, रिचर्ड ट्विस 1920 मध्ये सिमल्याला. (अरवंकाडूपासून काही मैलांवर, उटीजवळ, 1970 मध्ये गोविंद स्वरूप यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली आणि चंद्राआड जाणाऱ्या रेडिओ-स्रोतांचे आकार मोजू लागली. त्या डोंगरांच्या पाण्यात काही असेल तर कोणीतरी तपासावं.) या दोघांनी लाटेवर लाट बसवण्याची कटकटच काढून टाकली. दोन आरसे, प्रत्येकापाशी उजेड मोजणारं एक यंत्र. ताऱ्याच्या उजेडात जे अतिसूक्ष्म चढउतार होतात ते दोन्हीकडे एकाच क्षणी होतात का, एवढंच बघायचं. आरसे लांब नेले की हा मेळ सुटत जातो, आणि तो किती अंतरावर सुटतो त्यावरून व्यास निघतो. वाटांच्या लांबीत फूटभर इकडेतिकडे झालं तरी चालतं. हवा थरथरली तरी चालतं. आरसे ओबडधोबड चालतात. त्यांनी सैन्यानं टाकून दिलेले सर्चलाइट आणले. दार आपटलं तरी हरकत नसलेला हा घराण्यातला पहिलाच पंथ.

ते सर्चलाइट 1955-56 च्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँकला व्याधाकडे रोखले गेले. इंग्लंडचा हिवाळा, त्यात तिथे व्याध क्षितिजापासून फारसा वर येत नाही. महिनोन्‌महिने खपून 18 तासांची निरीक्षणं पदरात पडली. व्याधाचा व्यास 0.006 आणि 0.007 विकलांच्या मध्ये निघाला, म्हणजे पीझच्या हाती कधी न लागलेला तारा लष्करी भंगाराच्या हाती लागला.

भौतिकीवाले खवळले. दोन वेगळ्या आरशांवर पडणाऱ्या प्रकाशकणांनी एकमेकांना विचारून पडावं, हे त्यांना पटेना. हंगेरीत एका गटानं प्रयोग केला, कॅनडात दुसऱ्यानं; दोघांनाही मेळ दिसला नाही. असला मेळ खरा असेल तर पुंजवादाच्या मूळ कल्पनांना हात घालावा लागेल, असंही सुनावलं गेलं. वाद घालण्याची या जमातीची रीत बघण्यासारखी आहे. हॅनबरी ब्राउन आणि ट्विस यांनी आवाज चढवला नाही. विरोधकांच्या उपकरणांचा हिशोब मांडला. कॅनडातल्या उपकरणावर तो मेळ दिसायला सुमारे हजार वर्षं लागली असती आणि हंगेरीतल्या उपकरणावर 10,000 कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या आजच्या वयाच्या सातपट. प्रयोग चुकले नव्हते. लवकर आवरते घेतले होते.

मग हे बिऱ्हाड ऑस्ट्रेलियात नॅराब्राय नावाच्या गावाशेजारी गेलं. 188 मीटर व्यासाचा गोल रूळमार्ग, त्यावरून फिरणाऱ्या दोन थाळ्या, प्रत्येक थाळीत 252 छोटे आरसे. 1963 पासून दहाएक वर्षांत 32 तारे मोजून झाले. त्यांतला सर्वांत चिमुकला 0.00042 विकलांचा. त्या यंत्राला झेपतील एवढे तेजस्वी तारे संपले तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं. काम संपलं म्हणून खातं बंद झाल्याचं दुसरं उदाहरण कोणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं. 1985 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं महाअधिवेशन दिल्लीत भरलं तेव्हा अध्यक्ष हॅनबरी ब्राउनच होते.

आज पुन्हा लाटेवर लाट बसवणाऱ्यांचे दिवस आहेत. माउंट विल्सनवरच एक-एक मीटरच्या सहा दुर्बिणी पसरलेल्या आहेत, टोकाच्या दोघींत 331 मीटर. प्रकाश निर्वात नळ्यांतून येतो आणि पृथ्वी फिरल्यामुळे वाटांत पडणारा फरक रुळांवरून धावणाऱ्या गाड्यांवरचे आरसे भरून काढतात. लांबी आली म्हणून शांतता आली असं मात्र नाही. आता नवी धास्ती, कॅलिब्रेटरची. हवेनं आणि यंत्रानं पट्टे किती फिके केले हे कळायला, ज्याचं माप आधीच माहीत आहे असा एक गरीब, साधा तारा शेजारी बघावा लागतो. आणि तो साधा तारा पुष्कळदा जोडतारा निघतो. सगळी रात्र वाया. असल्या फसव्या ताऱ्यांची नावं ही मंडळी एका काळ्या यादीत टाकतात आणि ती एकमेकांना वाचायला देतात.

हे ऐकून मामी म्हणाली, “म्हणजे नीट चौकशी न करताच ठरवता तर.”

“चौकशी केली होती, मामी. एकटाच आहे असंच सगळे म्हणत होते.”

“तसंच म्हणतात,” मामी म्हणाली आणि वरपक्षाकडे एक नजर टाकून आली.

याच्याबरोबर आकाश बघणं ही शिक्षा आहे. तुम्ही कौतुकानं म्हणावं, तो बघ अभिजित. तर तो सांगणार, की त्याच्या भरवशावर लोक शतकभर ताऱ्यांची तेजं मोजत आले आणि 2006 मध्ये कळलं, की तो भन्नाट वेगानं गरगरतोय आणि आपल्याला त्याचं फक्त डोकं दिसतंय. कंबर डोक्यापेक्षा हजाराहून अधिक अंशांनी थंड आहे. श्रवण? बसका आहे. अग्रनद? त्याहून बसका, 2003 मध्ये चिलीतल्या दुर्बिणींनी मोजला तर रुंदी उंचीच्या दीडपटीवर. डोक्यावरचं एकेक रत्न हा माणूस अशा रीतीनं आडवं मोजून परत देतो.

आमच्या काकांनी एकदा हट्टच धरला, की आज एका ताऱ्याचा आकडा घेतल्याशिवाय उठायचं नाही.

“काक्षी केवढा, एवढं सांग.”

“कोणत्या प्रकाशात?”

“मला दिसतो त्या.”

“कडेला तारा काळवंडत जातो, ते धरून की सोडून?”

“धरून.”

“अवरक्तात मोजला तर वेगळा येतो. तिथे टाउन्स नावाच्या शास्त्रज्ञाच्या गटाला 1993 ते 2009 या काळात तो पंधरा टक्क्यांनी आकसलेला दिसला.”

“बारीक झाला?”

“एक तर बारीक झाला, किंवा त्याच्या भोवतीचे थर बदलले आणि आम्ही आता वेगळ्या खोलीपर्यंत बघतोय.”

“आमचे डॉक्टर असंच बोलतात,” काका म्हणाले आणि आकडा न घेताच उठले.

मला विचाराल तर काकांनी घाई केली. आकडा मिळाला असता; पुढे ‘अधिक-उणे’ आलं असतं, एवढंच. आपल्याकडे आकडे सांगणारे कमी नाहीत. आपण किती चुकलेले असू शकतो, हे न विचारता आकड्याच्या शेजारी लिहून देणारा हा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे. घरात कायमचा असू नये, पण लग्नाला जरूर बोलवावा.

काक्षीचं माप 1920 पासून रंगागणिक आणि यंत्रागणिक बदलत आलेलं आहे. अभिजितला नव्यानं मोजावं लागलं. मार्सेच्या स्टीफाँचा आकडा मात्र कोणालाही दुरुस्त करावा लागलेला नाही. दिसण्यात सर्वांत रुंद म्हणून जो गणला जातो तो दक्षिण आकाशातला आर डोराडसही 0.057 विकलांचाच आहे. दीडशे वर्षांत, सूर्य सोडला तर, 0.158 विकलांपेक्षा रुंद असा एकही तारा निघालेला नाही.